ठणकणारं बोट

लिंबाचा काटा रुतलेलं बोट चौथ्या दिवशी पिकलं. मृदुलाने ते मावशीपुढे धरलं. "मावशी, पू झालाय!"

"आता पेढे वाट," मावशी म्हणाली, पण चष्मा लावून दोनदा पाहिलं.

मृदुलाच्या पांढऱ्या पेशींवर चिकटण्याचे रेणूच नव्हते. जखमेपाशी न थांबता त्या रक्ताबरोबर पुढे वाहून जात. पू त्याच पेशींचा बनतो, म्हणून चाळीस वर्षांत तिची एकही जखम पिकली नव्हती, धड भरलीही नव्हती. साधा काटाही जिवावर बेतायचा. यंदा आईचं निरोगी जनुक तिच्या पेशींत बसवलं. गुण दिसायच्या आत आई गेली.

मावशीने कणकेचं गरम पोटीस बोटावर बांधलं. "तुझ्या आईला हे तुला एकदा तरी बांधायची फार हौस होती गं. दुखतंय?"

"हो," मृदुला म्हणाली. "छान ठणकतंय."