घारीच्या पिंजऱ्यात

वादळात घरट्यातून पडलेलं घारीचं पिल्लू जखमी पक्षी सांभाळणाऱ्या दिनकररावांकडे आणून दोन दिवस झाले, तरी ते चोच उघडत नव्हतं. शेवटी त्यांनी ते गच्चीवरच्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवलं. लहानपणीच मांजामुळे पंख गमावलेली एक घार तिथे तीन वर्षं एकटीच राहत होती.

"अहो, फाडून खाईल ती त्याला!" मालनबाई ओरडल्या.

"नाहीतरी उपाशी मरतंयच."

घार उड्या मारत पिल्लाजवळ आली. दिनकररावांचा हात कडीवर गेला. तिने पुढ्यातलं मटण पायाखाली दाबलं, नखाएवढा तुकडा तोडला आणि मान वाकवून पिल्लासमोर धरला. पिल्लाने चोच उघडली.

"हिला कुणी शिकवलं हो?" मालनबाईंनी हळूच विचारलं.

दिनकररावांनी कडीवरचा हात काढून घेतला. खाली कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, पण दोघंही जागची हलली नाहीत.