मुसैबची कॅसेट

इरशाद जुने संगणक आणि व्हिडिओगेम जमवायचा. मस्कतहून महाडला आणलेला हा संगणक मात्र वारलेल्या धाकट्या भावाच्या, मुसैबच्या, आठवणीसाठी होता. मुसैबने तसल्याच संगणकावर स्वतःचा खेळ रचून गाण्यांच्या साध्या कॅसेटवर साठवला होता. कपाटात ती कॅसेट नव्हती, म्हणून इरशादने आईला विचारलं. “ती होय?” आई म्हणाली. “लावली तर नुसती किरकिरायची. ठमाबाईला सप्त्यातलं कीर्तन भरायला दिली.” इरशाद धावत शेजारी गेला. ठमाबाईने कौतुकाने टेप लावला. मृदंग घुमला, बुवांचा आवाज असा की कुणाचंही चित्त निवावं. म्हणजे या बाजूचा खेळ पुसला गेला होता. “तुझ्या आईमुळं गावलं रे हे अमृत! बस, चाय ठेवते.” मुसैब खेळ दोन्ही बाजूंना भरून ठेवायचा, हे इरशादला आठवलं. “मावशी, दुसरी बाजू?” त्याने आशेने विचारलं. “ती रिकामी ठेवीन काय रे? तिथं काल्याचं कीर्तन भरलं हाय!”