शून्य युनिटचं घर

कुंदा दुर्गेनं सकाळी भिंतीला आंबलेली पेज पाजली. चंद्रपूरच्या त्या सरकारी वसाहतीत पंखे काढून भिंतींवर थंडावा देणारी जिवंत बुरशी लावली, त्याला आता दोन वर्षं झाली होती. वीज वाचवणाऱ्या घराला सरकार अनुदान देई. पेज पिऊन भिंत गार व्हायची आणि दिवसभर चिकट पाणी गाळायची. त्या वासानं कुंदाच्या सासऱ्यांना घास गिळवत नसे.

दुपारी योजनेचे अधिकारी बोरीकर साहेब ‘शून्य युनिट घर’ अशी पाटी घेऊन आले, पण नाकाला रुमाल लावून उंबऱ्याबाहेरच थांबले.

"आत या, साहेब. चहा ठेवते."

"नको. इथूनच फोटो काढू."

"तुमच्या बंगल्यावर कधी लावणार हे?"

"बंगले योजनेत बसत नाहीत, बाई."

कुंदानं उलथनं आणलं आणि भिंत खरवडायला घेतली. लिबलिबीत गोळे जमिनीवर पडू लागले.

"अहो बाई, अनुदान बंद होईल."

"होऊ द्या."

सासरे खाटेवरून उठले. त्यांनी खराटा घेतला आणि एकेक गोळा उंबऱ्याबाहेर, साहेबांच्या बुटांकडे लोटायला लागले.