शेजारी सही

पहिल्याच तासाला अकाउंट्सच्या धामणकर बाईंनी नियम सांगितले होते. हजेरी पंचाहत्तर टक्के. वहीत व्हाइटनर, खाडाखोड चालणार नाही. चूक झालीच तर तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी आपली सही.

महिन्याभरात वृंदाचं लग्न ठरलं. आज वडील तिला कॉलेजच्या ऑफिसात घेऊन आले. अर्ज त्यांनीच घरून लिहून आणला होता : 'मी स्वखुशीने शिक्षण सोडत आहे.'

"इथे सही कर," त्यांनी तळाशी बोट ठेवलं. "बाहेर रिक्षा थांबलीय."

वृंदाने पेन उघडलं. 'स्वखुशीने' या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी सही केली.

"हे काय?"

"तेवढं चुकलं होतं, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांच्या बोटापाशी दुसरी सही केली.