बाहेर जाईल तेवढं

टेम्पोच्या हौद्यात आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली शेवंता ओरडली, "अरे, फाटक उघड की!" सकाळी कचरा डेपोत भंगार वेचताना ढीग कोसळला आणि आई त्याखाली गुदमरून जिवानिशी गेली होती.

"वजन झाल्याशिवाय उघडतच नाही, ताई. नवा सरकारी नियम आहे," वजनकाट्यावरचा गणपा खाली बघत म्हणाला. "डेपोतून बाहेर जाईल तेवढं सगळं रिसायकलिंगला धरायचं. तू उतर. काट्यावर माणूस बसलेला चालत नाही."

शेवंतानं आईचं डोकं हळूच खाली ठेवलं, पदरानं तिचं तोंड झाकलं आणि ती उतरली.

टेम्पो काट्यावर चढला. फाटक उघडलं.

फाटकावरच्या फलकावर लाल दिवे लुकलुकले. शहराच्या आजच्या रिसायकलिंगचा आकडा आईएवढा वाढला होता.