जोडी जमली का?

मायक्रोस्कोपखाली जोडी जमली होती. एक धागा शेतातल्या गव्हाचा, दुसरा रानगवताचा, आणि दोघं अगदी बिलगून. तिने डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. भास नव्हता.

नऊ वर्षं गेली होती यात. कळीत परागकण तयार होताना हे धागे, म्हणजे गुणसूत्रं, जोड्या लावतात. पण गव्हातलं एक जनुक मोठं खडूस, परक्या धाग्याला जवळ फिरकू देत नाही. ते बाजूला केलं, की रानगवताची तांबेरा रोगाला दाद न देण्याची ताकद गव्हात आणता येईल, हा तिचा हट्ट. प्रयोगशाळेत येणारा-जाणारा तिला एकच विचारायचा, जोडी जमली का?

घरी मात्र याच प्रश्नाने तिला नको नको करून सोडलं होतं. बाबा शिंपी. दर रविवारी फोन, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: जोडी जमली का? आपली चाळिशी आली तरी यांचं लग्नाचं पालुपद सुटत नाही, म्हणून ती धुसफुसायची. गेल्या वर्षी एकदा तोल गेलाच.

"नाही जमली बाबा, आणि जमणारही नाही. पुन्हा विचारू नका."

पलीकडची शिलाई मशीन थांबली. बरं, एवढंच म्हणाले. नंतर दर रविवारी नुसतं हवापाण्याचं बोलत राहिले, आणि दोन महिन्यांपूर्वी गेले.

आज प्रयोगशाळेत सगळे पेढा मागत होते. ती बाहेर व्हरांड्यात आली आणि आईला फोन लावला. आईला काय कळणार, म्हणून अगदी सोपं करून सांगू लागली. आईने मध्येच थांबवलं.

"मला नको समजावूस. चौकड्यांच्या कापडाचे दोन तुकडे जुळवून यांनी कधीच दाखवलंय मला, तुझ्या गव्हाची जोडी कशी जमते ते. तूच सांगितलेलंस ना त्यांना? दर रविवारी तेच तर विचारायचे."

तिने भिंतीला हात टेकला.

"आणि लग्नाचं?"

"ते माझं टुमणं. त्यांनी कधी नाही काढलं." आई म्हणाली. "मग एका रविवारी फोन ठेवला आणि म्हणाले, पोरीचं काम फसलंय गं. आता तिला कुणी विचारू नका."