भरलेला पाय

टिटवी अनवाणी यंत्रावर उभी राहिली आणि तिनं त्याच्या मुठी घट्ट धरल्या. अंगात मांस किती, चरबी किती, हे ते यंत्र सांगायचं. समोरच्या आकड्याकडे बघायचं तिला धाडस होईना. उजव्या पायातलं मांस ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचलं नाही, तर संघातून नाव कटणार, असं सरांनी तोंडावर सांगितलं होतं. वर हेही सांगितलं होतं, की नाव कापताना त्यांचा हात थरथरणार नाही.

लांब उडीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग एका उडीत गुडघा फिरला. शस्त्रक्रियेनंतर पट्ट्या निघाल्या, तेव्हा खाली पाय कसला, काठीच होती. काटकुळ्या पायांमुळे लहानपणी पडलेलं टिटवी हे नाव. आता कोणी तशी हाक मारली तरी तिला डिवचल्यासारखं वाटायचं.

वजनं उचलायला गेलं की गुडघ्यातली कळ थेट मस्तकात जायची. म्हणून ती दुखणं मारायच्या गोळ्या खायला लागली. एकीवर एक. संघाच्या डॉक्टरबाईंनी ते ओळखलं आणि दम भरला, "पुन्हा एकही गोळी घेतलीस, तर मीच तुला घरी बसवीन." तिनं उरलेल्या गोळ्या त्यांच्यासमोर कचऱ्यात टाकल्या.

त्यानंतर तिचे हाल कुत्रं खाईना. सरावाहून आली की ती उशीत तोंड खुपसून रडायची. बाहेरच्या खोलीत बाबांचं शिलाई मशीन चाललेलं असायचं. आई गेल्यापासून घरात ते दोघंच. तिचं रडणं सुरू झालं की मशीन थांबायचं, पण बाबा आत यायचे नाहीत. एकदाच दारात येऊन म्हणाले, "सोड हा नाद, पोरी. धड चालता आलं तरी गंगेत घोडं न्हालं."

ती अंगावर धावून गेली. "उडी सोडण्यापेक्षा मेलेली बरी मी, बाबा!"

बाबा पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

आणि मग गुडघा हळूहळू गप्प झाला. कळ उठेनाशी झाली. वजनं वाढत गेली. पुढे पायही भरायला लागला. बूट घट्ट झाले. धावायची विजार मांड्यांत अडकू लागली, तेव्हा बाबांनी शिवण उसवून ती सैल करून दिली. अन्न जाईना, जिना चढताना धाप लागायची. पण कष्टाशिवाय फळ मिळत नाही, असं ती स्वतःला बजावायची.

"अगं, डोळे उघड की!" सर ओरडले. "आकडा पार झाला!"

त्यांनी दाराबाहेर ताटकळलेल्या बाबांना हाताला धरून आत आणलं. "तुमच्या लेकीनं बाजी मारली!" बाबांच्या डोळ्यांना धार लागली. टिटवीला हसावं की रडावं कळेना.

यंत्राशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. उजव्या पायाबरोबर डावाही वाढला होता, हातही वाढले होते. एवढं मांस इतक्या लवकर कोणाच्याच अंगावर चढत नाही. त्या खाली बसल्या, तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे पडलेला खड्डा तसाच राहिला.

"हे मांस नाही, पाणी आहे," त्या म्हणाल्या. "यंत्राला दोन्ही सारखंच दिसतं. लघवी नीट होते तुला?"

टिटवीची मान खाली गेली. "फार कमी."

"मूत्रपिंडं दमलीत तुझी. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

सर गाडी काढायला धावले. टिटवीनं डॉक्टरबाईंचे हात धरले. "मॅडम, आजचा दिवस राहू द्या ना तो आकडा. उद्या निवड झाली, की कुठं न्यायचं तिथं न्या मला."

"उद्याची खात्री मला देता येत नाही. आता खरं सांग, तिथं पहिलं हेच विचारतील. मूत्रपिंडं खाणाऱ्या त्या गोळ्या पुन्हा सुरू केल्यास ना?"

"नाही! तुमच्यासमोर टाकल्या, त्याच शेवटच्या."

"हा जिवाशी खेळ आहे. खोटं बोलू नकोस."

"गेलेल्या आईची शपथ, एकही घेतली नाही! बाबा, तुम्ही तरी सांगा ना यांना."

बाबा भिंतीला पाठ घासत खाली बसले.

"तिला ठाऊकच नाही, डॉक्टरबाई," ते म्हणाले. "मी रोज कुटून तिच्या दुधात घालत होतो."